कुंडीचं वय

कुंडीला रंगाने जुनेपण द्यायला बसण्याआधी दहा-पंधरा वर्षं उन्हापावसात राहिलेली मातीची कुंडी हातात घ्यावी आणि रंगाचा विचार बाजूला ठेवून ती नुसती फिरवून बघावी. काठावर, जिथे उचलणाऱ्याची बोटं बसतात, तिथली माती गुळगुळीत आणि जरा गडद झालेली असते. काठाखालच्या खोबणीत काळपट मळ साचलेला असतो, कारण तिथे पावसाची धार पोचत नाही आणि हातही फिरत नाही. पोटावरून पांढुरके ओघळ उतरलेले असतात. बुडापासून चार-पाच बोटं वर एक खरखरीत पांढरी पट्टी असते. नख लावलं की तिची पूड सांडते. एक अंग हिरवट, दुसरं फिकट. हिरवट अंग भिंतीकडे होतं, फिकट अंग उन्हाकडे, हे कुंडी जागची उचलून आणली तरी वाचता येतं.

यातली एकही खूण उगाच उमटलेली नाही. कुंडीची भाजलेली माती सच्छिद्र असते. आतलं पाणी कुंडीच्या भिंतीतून झिरपत बाहेर येतं आणि वाऱ्याने उडून जातं. पाण्यातले आणि खतातले क्षार मात्र उडू शकत नाहीत, ते पृष्ठभागावर बसतात. कुंडीतली माती खालच्या भागात जास्त वेळ ओली राहते, म्हणून पांढरी पट्टी खालच्या अंगाला जाड. शेवाळाला ओल आणि सावली लागते, म्हणून ते भिंतीकडच्या बाजूला. ओघळ वरून खाली येतात, कधी आडवे जात नाहीत. ही शेवटची गोष्ट सांगायचीही गरज नाही असं वाटेल, पण रंगवताना सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच.

घरी केलेलं ‘अँटिक फिनिश’, म्हणजे रंगाने आणलेलं जुनेपण, दहा पावलांवरून ओळखू येतं, कारण त्यातलं म्हातारपण सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. काठावर जेवढा खरखरीतपणा तेवढाच बुडाशी, पुढच्या बाजूला जेवढं हिरवं तेवढंच मागे. स्पंज हातात आला की तो गोल गोल फिरत राहतो आणि कुंडीवर वय चढण्याऐवजी पुरळ उठतं. म्हणून ब्रश बुडवायच्या आधी एक ठरवून टाकावं: या कुंडीची भिंतीकडची बाजू कुठली, उन्हाकडची कुठली, पाणी कुठून ओघळलं आणि मातीची पातळी कुठवर होती. बुडाखाली खडूने एक बाण काढला तरी पुरे. पुढचा प्रत्येक थर त्या बाणाला विचारून द्यायचा.

कुंडी निवडताना आधी तिचा आवाज ऐकावा. काठाला धरून ती अधांतरी ठेवायची आणि बोटाच्या पेराने पोटावर हलकेच टकटक करायची. खणखणीत वाजली तर अखंड आहे. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, तो दिसत नसला तरी. ओली कुंडीही दबकीच वाजते, त्यामुळे ही परीक्षा सुकल्यावर घ्यावी. केसासारखी चीर असेल तर आतून इपॉक्सी पुट्टी दाबून बसवता येते. बाहेरून पोताचा, म्हणजे खरखरीत लेपाचा, थर ती झाकतो. तडा बुडापासून वर चढलेला असेल तर मात्र त्या कुंडीत माती भरण्याचा विचार सोडावा. ओल्या मातीचा दाब आणि मुळांची वाढ तो तडा उघडणारच. काठाचा टवका उडालेला असेल तर तो भरू नये. तसा खरा टवका रंगाने करायला बसलात तर दुपार जाते. आणि ज्या माठातून पुन्हा पाणी प्यायचं आहे किंवा ज्या मडक्यात काही शिजवायचं आहे, ते या उद्योगात आणूच नये. माठातलं पाणी गार होतं ते बाहेरच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने. रंगाने छिद्रं बुजली की तो नुसता डबा होतो, शिवाय हे रंग खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी बनवलेलेच नसतात.

आता स्वच्छता, जी सगळ्यांना नकोशी वाटते आणि जिच्यावर पुढचं सगळं टिकून असतं. विचित्र प्रकार आहे खरा: खरे डाग घासून काढायचे आणि मग खोटे डाग काढायला बसायचं. पण खऱ्या क्षारांवर रंग धरत नाही. क्षारांचा थर म्हणजे सुटी पूड. तिच्यावर दिलेला रंग पुडीला चिकटतो, मातीला नाही, आणि पहिल्या ओलीबरोबर दोन्ही मिळून पोपड्यासारखे सुटतात. आधी कोरड्या नायलॉनच्या ब्रशने झाडून घ्यावं. तारेचा ब्रश जोरात काम करतो, पण त्याचे लोखंडी कण मातीत रुतून बसतात आणि काही आठवड्यांनी तपकिरी ठिपके वर येतात. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी अशा मिश्रणात कुंडी अर्धा तास बुडवून ठेवायची. पांढऱ्या पट्टीवर बारीक बुडबुडे आले तर तो चुन्यासारखा कार्बोनेटचा थर आहे आणि तो विरघळतो आहे. बुडबुडे आले नाहीत तर ते बहुतेक पाण्यात विरघळणारे क्षार असतात. ते साध्या पाण्यात कुंडी भिजत ठेवून, दिवसात दोन-तीनदा पाणी बदलून निघतात. शेवटी कुंडी भरपूर पाण्याने धुवायची. हे धुणं अर्धवट राहिलं तर त्याचा हिशोब पुढे सोड्याच्या थरात चुकता होतो, तो कसा ते येईलच.

शेवाळ आणि बुरशी चिवट असेल तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी चालतं. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीही आणू नयेत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. एक काम आज, दुसरं उद्या, आणि मध्ये कुंडी नीट धुतलेली. कुंडीवर आधीचा तैलरंग असेल तर तो सैल झालेला भाग खरवडून काढावा. उरलेला भाग पाणी शिंपडत, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि भाजलेल्या मातीच्या पुडीत सिलिका असते. दोन्ही छातीत जाण्याजोग्या वस्तू नव्हेत.

मग सुकवणं. इथे घाई करणाऱ्याचा रंग हमखास फुगतो. भिजलेल्या कुंडीचा वरचा पृष्ठभाग दोन तासांत कोरडा दिसतो, पण बोटभर जाडीच्या भिंतीच्या पोटात पाणी असतंच. कडक उन्हात दोन-तीन दिवस, दमट हवेत आठवडाभर. अंदाजावर जायचं नसेल तर कुंडी वजनकाट्यावर ठेवावी आणि वजन लिहून ठेवावं. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला की ती सुकली. मोठी कुंडी काट्यावर मावत नसेल तर प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने पोटावर लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं.

रंग आणि भाजलेली माती यांचं भांडण जुनं आहे. चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली भाजलेल्या मातीच्या पुतळ्यांचं एक सैन्य जमिनीत पुरलेलं सापडलं. आज ते मातकट करडं दिसतं, पण ते घडवलं गेलं तेव्हा हे सैनिक भडक रंगांत होते. रंगाखाली झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचा थर होता. २,००० हून जास्त वर्षं ओल्या जमिनीत राहिलेला तो थर उत्खननात कोरड्या हवेत उघडा पडला की आकसायचा, काही मिनिटांत त्याची कड वळायची आणि रंग घेऊनच तो सुटून यायचा. माती जागची हलत नाही, वरचा पापुद्रा मात्र ओलीप्रमाणे आकसतो आणि फुगतो. कुंडीचं संकट याच जातीचं आहे, फक्त तिथे पाणी आतून येतं. झाडाला घातलेलं पाणी भिंतीतून बाहेर यायला बघतं. वाटेत अॅक्रिलिकचा पापुद्रा आडवा येतो आणि पाणी त्याला मागून ढकलतं. आधी फुगा, मग पोपडा. बाहेरून वार्निशचे कितीही हात दिले तरी हे थांबत नाही, उलट बळावतं.

यावर सरळ इलाज असा की झाड प्लॅस्टिकच्या पातळ कुंडीत ठेवायचं आणि ती या मातीच्या कुंडीत उतरवायची. रंगवलेल्या भिंतीला पाणी लागतच नाही. माझ्या मते शोभेच्या कुंडीला हाच मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे आतून पाणीरोधक सीलरचे दोन हात द्यायचे, दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ ठेवून. यात बुडाच्या भोकाची आतली कड सुटते आणि पाणी तिथूनच भिंतीत शिरतं, म्हणून बारीक ब्रशने तीही रंगवावी. भोक मात्र बुजू देऊ नये. अशी कुंडी आता श्वास घेत नाही, आतली माती जास्त दिवस ओली राहते, त्यामुळे पूर्वीच्या सवयीने पाणी घालत राहिलात तर मुळं कुजतील. तिसरा मार्ग, पापुद्रा न धरणारा रंग, म्हणजे चुना. त्याच्याकडे नंतर येऊ.

पोत, म्हणजे हाताला लागणारा खरखरीतपणा, हा या कामाचा गाभा. सगळ्यात प्रचलित कृती खायच्या सोड्याची आहे: दोन भाग अॅक्रिलिक किंवा भिंतीचा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, इमल्शन रंग, एक भाग सोडा. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. वीस सेंटिमीटर उंच आणि सरासरी सतरा सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचं बाहेरचं अंग साधारण १,१०० चौरस सेंटिमीटर भरतं. एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ११० मिलिलिटर मिश्रण हवं. ब्रशला, भांड्याला लागून वाया जाणारं धरून १५० काढावं. १२० मिलिलिटर रंगात ६० मिलिलिटर सोडा मिसळला की ते एवढं होतं, कारण सोड्याच्या कणांमधली हवा रंगाने भरून निघते. दाटपणा असा हवा की चमचा तिरका केल्यावर मिश्रण गोळ्याने सरकावं, धार लागू नये. तासाभरात संपेल एवढंच कालवायचं. ठेवून दिलं की गुठळ्या होतात, आणि त्या पाणी घालून मोडायला गेलात तर पकडही जाते.

सोड्याच्या या लेपात कधीकधी सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. दोष सोड्याला दिला जातो. पण रंग चांगला असेल तर तो सोड्यावर प्रतिक्रिया करत नाही. प्रतिक्रिया करतं ते मातीच्या छिद्रांत राहून गेलेलं व्हिनेगर. मघाशी अर्धवट राहिलेलं धुणं ते हेच. दुसरं कारण म्हणजे फेटल्यासारखं जोरात ढवळणं. मिश्रण सावकाश, भांड्याच्या कडेने चमचा दाबत कालवावं आणि पाच मिनिटं तसंच ठेवावं.

सोडा घरात लगेच सापडतो म्हणून तो लोकप्रिय आहे. पण तो पाण्यात विरघळतो, हे कृती सांगणारे सहसा सांगत नाहीत. दिवाणखान्यात ठीक. पावसात ठेवलेल्या कुंडीवर तोच थर हळूहळू पोकळ होतो आणि त्यातून पांढरी पूड येते. तिला जुनेपणा समजून खूश व्हायचं असेल तर हरकत नाही, पण तो थर पुढच्या वर्षी नसेल. बाहेर ठेवायच्या कुंडीला वाळू आणि खडूची पूड घ्यावी. सहा भाग रंग, दोन भाग खडूची पूड, एक भाग बारीक वाळू. खडू अंग देतो, वाळू दाणा देते. वाळू गोड्या पाण्याची, धुऊन वाळवलेली आणि बारीक जाळीतून चाळलेली हवी. खाऱ्या पाण्याच्या वाळूत मीठ असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. प्लास्टर ऑफ पॅरिसही वापरतात: एक भाग प्लास्टर एक भाग पाण्यात आधी गुठळी न राहू देता कालवायचं आणि मग तीन भाग रंगात ओतायचं. हे उलट केलं, म्हणजे प्लास्टरची पूड सरळ रंगात टाकली, की न भिजलेल्या गाठी राहतात आणि वाळल्यावर पॉलिश पेपरखाली त्या फुटून खड्डे पडतात. याचा पृष्ठभाग छान मऊ, खडूसारखा येतो, पण तोही पाण्याचा मित्र नव्हे. कोणतीही पूड हाताळताना नाकातोंडावर मास्क असावा.

लेप देण्याआधी कोरड्या, नंग्या कुंडीला एक भाग पाणी आणि दोन भाग रंग असा पातळ हात द्यावा. तहानलेली माती लेपातलं पाणी क्षणात शोषून घेते आणि लेप तिथल्या तिथे भुसभुशीत होतो. हा पातळ हात ती तहान भागवतो. गडद राखी-तपकिरी घेतला तर पुढे खोलगट जागांना सावलीही मिळते. तो वाळला की झिजलेला, ताठ केसांचा जुना ब्रश घ्यायचा आणि लेप फासायचा नाही, उभा टोचत लावायचा. बाण आठवायचा. काठाखाली आणि खालच्या तिसऱ्या हिश्शात जाड, पोटाच्या फुगीर भागावर विरळ, काठावर जवळजवळ नाहीच, कारण तिथे हात लागतो आणि हात खरखरीतपणा टिकू देत नाही. काही जागी माती उघडी सोडायची. संपूर्ण झाकलेली कुंडी सिमेंटची दिसते.

वीस-पंचवीस मिनिटांनी, लेपाची चमक गेली पण बोट दाबल्यावर ठसा उमटतो अशा वेळी, ओल्या तळहाताने वरची टोकं हलकेच दाबून चपटी करायची. या एका कृतीने फरक पडतो. टोचून लावलेल्या लेपाची टोकं काट्यांसारखी उभी असतात, आणि जुन्या वस्तूवर काटे नसतात, ते झिजलेले असतात. चपटी टोकं आणि त्यांच्यामधल्या खोल, वेड्यावाकड्या फटी असा पृष्ठभाग झाला की पुढचा पातळ रंग आपणहून त्या फटींत जाऊन बसतो. लेप एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नये. वरचा भाग आधी सुकून आकसतो, आतला ओला राहतो, आणि तळं आटल्यावर चिखल भेगाळतो तशा भेगा पडतात. जाडी हवीच असेल तर दोन पातळ थर, मध्ये एक रात्र.

रंगाच्या कामात पांढरा आणि काळा हे दोन डबे बंदच ठेवावेत असं माझं मत आहे. क्षारांचा पांढरा कधी कागदासारखा पांढरा नसतो. त्यात चिमूटभर पिवळी माती आणि त्याहून कमी राखाडी घालावी. मळाचा काळा म्हणजे गडद तपकिरीत थोडा निळा. शेवाळासाठी डब्यातला हिरवा घेतला तर तो प्लॅस्टिकच्या पानासारखा ओरडतो. पिवळी माती आणि काळपट निळा मिसळून जो मळकट हिरवा होतो, तो बरोबर.

पहिला थर मळाचा. एक भाग रंग, चार ते पाच भाग पाणी. सगळी कुंडी एकदम रंगवायला गेलात तर पुसायला पोचेपर्यंत पहिली बाजू वाळून गेलेली असते, म्हणून पाव-पाव कुंडी घ्यायची. रंग फटींत शिरेल असा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि ओलसर, पिळून घेतलेल्या फडक्याने वरून खाली पुसायचं. वरच्या टोकांवरचा रंग निघून जातो, खोलातला राहतो. दोन भागांच्या सीमेवर कड राहू नये म्हणून पुढचा भाग सुरू करण्याआधी ती सीमा नुसत्या पाण्याने ओली करावी. जिथे माती उघडी सोडली आहे तिथेही आधी पाणी फिरवावं, नाहीतर ती पातळ रंग पहिल्या स्पर्शाला पिऊन टाकते आणि ब्रश टेकला त्या जागी कायमचा डाग राहतो.

मग ओघळ. रंग आणखी पातळ, एकास आठ. ड्रॉपरने काठाखालच्या खोबणीत एक-एक थेंब सोडायचा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. पोताच्या दाण्यांत अडखळत, वळत तो जसा उतरतो तसा कोणत्याही ब्रशला उतरवता येत नाही. मध्येच एखादा टिपकागदाने टिपून तोडायचा. इथे मजा होते ती अशी: रंगवायला सोपं पडतं म्हणून बरेच जण कुंडी पालथी घालून बसतात. ओघळही त्याच स्थितीत सोडले जातात. कुंडी सुलटी केली की पाणी काठाकडे चढत गेलेलं दिसतं. पालथ्या कुंडीवर पोताचा लेप द्यावा. ओघळाच्या वेळी तिला पायावर उभं करावं.

क्षारांची पट्टी कोरड्या ब्रशने येते. मळकट पांढरा रंग ब्रशला लावायचा आणि फडक्यावर पुसत राहायचं, ब्रशवर रंग उरलाच नाही असं वाटेपर्यंत. मग तो पृष्ठभागावरून अगदी हलक्या हाताने न्यायचा. फक्त उंचवटे पांढरे होतात. पट्टीची वरची कड सरळ ओढू नये. खरी पट्टी वरच्या अंगाला विरत जाते आणि कुठे कुठे उंच चढते. भिंतीकडच्या बाजूला हिरवा, त्याच कोरड्या ब्रशने पण खोबणीत आणि बुडाशी टोचून, आणि त्यावर जुन्या टूथब्रशच्या केसांवरून अंगठा ओढून उडवलेले गडद ठिपके. उन्हाकडच्या बाजूला हिरवा नकोच.

खरं शेवाळ उगवण्यासाठी कुंडीला दही किंवा ताक चोपडावं, हा सल्ला फार फिरतो. बहुतेक वेळा त्यातून आधी बुरशी आणि वास येतो. शेवाळाला हवी असते सतत ओल, सावली आणि कित्येक महिने. या तीन गोष्टी असतील तर ते दह्यावाचूनही येतं, आणि नसतील तर दही काही करू शकत नाही. शिवाय त्याला ओली, उघडी माती लागते. वार्निश केलेल्या रंगावर ते धरत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं.

भेगाळलेल्या रंगाचा परिणाम, ज्याला क्रॅकल म्हणतात, तो लाकूडकामातल्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाने साधतो. गडद रंग वाळल्यावर त्यावर गोंदाचा सलग हात द्यायचा, दहा-वीस मिनिटांनी तो बोटाला चिकटेल पण ओढल्यावर तार येणार नाही अशा स्थितीत आला की फिकट अॅक्रिलिक रंग एकाच फटकाऱ्यात लावायचा. वरचा रंग वाळताना आकसतो, खालचा ओलसर गोंद त्याला घट्ट धरून ठेवू शकत नाही, रंग घसरतो आणि फाटतो. ब्रशने लावला तर भेगा ब्रशच्या दिशेने लांब पडतात, स्पंजने टिपला तर जाळीदार. रंग जाड तर भेग रुंद. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की गोंद आणि रंग मिसळून चिखल होतो. गोंद पूर्ण वाळू दिला तर भेगाच पडत नाहीत. हे करायला गंमत वाटते, पण नंग्या मातीच्या कुंडीवर असं काही वयाने होत नाही. भेगाळतो तो रंग. म्हणून ‘ही कुंडी कधीकाळी रंगवलेली होती’ असं दाखवायचं असेल तरच क्रॅकल, तेही उन्हाकडच्या बाजूला जास्त. आणि पीव्हीए ओलीने पांढरट आणि मऊ होतो, त्यामुळे हे घरातल्या कुंडीवरच.

रंगाचे टवके उडाल्यासारखं दाखवायचं तर मेणबत्ती पुरते. काठाच्या कडेवर आणि फुगीर भागावर, जिथे धक्का लागेल तिथे, मेण घासायचं, वर रंग द्यायचा आणि वाळल्यावर बोथट सुरीने खरवडायचं. मेणावरचा रंग तुकड्या-तुकड्याने निघतो आणि खालची लालसर माती दिसते. उरलेलं मेण फडक्याने घासून काढायला विसरू नये, त्याच्यावर वार्निश धरत नाही.

आता चुना. ज्या कुंडीत सरळ झाड लावायचं आहे, तिला मी याहून चांगला रंग सुचवणार नाही. विरी गेलेल्या, म्हणजे कळीच्या चुन्यात पाणी घालून शांत झालेल्या, चुन्याची पूड एक भाग, पाणी तीन ते चार भाग. रात्रभर भिजवून, गाळून, दुधाइतकं पातळ. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना तीव्र अल्कली आहे आणि डोळ्यात गेलेला थेंब फार नुकसान करतो. कुंडी नंगी असावी. अॅक्रिलिकवर चुना बसत नाही. ती पाण्याने ओलसर करायची आणि पातळ हात द्यायचा. लावताना तो जवळजवळ दिसत नाही, म्हणून लोक दाट करून लावतात आणि तिथेच फसतात. वाळताना तो उजळतो. एकेका दिवसाच्या अंतराने तीन हात. चुना वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते, म्हणून सावलीत वाळवायचा आणि मध्ये पाण्याचा फवारा मारायचा. जाड थर हे होण्याआधीच कोरडा पडतो आणि पूड होऊन हाताला लागतो. रंग हवा तर गेरू, पिवळी माती अशा खनिज पुडी, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, आधी पाण्यात भिजवून. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहते. तिला थेंबभर भांड्यांच्या साबणाचं पाणी लावून आधी खलावं.

तीन हात झाल्यावर, चुना आठवडाभर मुरल्यावर, ओल्या खरखरीत फडक्याने काठ आणि पोट घासायचं. मग व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेला कापसाचा बोळा काही जागी टेकवायचा. चुना फसफसतो, विरघळतो आणि खालची माती ढगाळ कडांनी उघडी पडते. हे रंगवलेलं नाही, खरंच झिजवलेलं आहे, आणि नजरेला ते कळतं. झिजवलं की लगेच पाणी ओतून व्हिनेगर थांबवायचं. या कुंडीवर वार्निश नको.

अॅक्रिलिकच्या कुंडीला मात्र शेवटचा हात लागतो, आणि तो मॅट असावा. चकाकी आली की इतका वेळ बसवलेलं वय एका मिनिटात उतरतं. मॅट वार्निशमधली चमक मारणारी पूड डब्याच्या तळाशी बसते. न ढवळता वरचं घेतलं तर मॅटच्या डब्यातून चमकदार हात निघतो, तळाचं उरलेलं लावलं तर पांढुरकं धुकं. हलवायचं नाही, हवा शिरते, काडीने तळ खरवडत ढवळायचं. दोन पातळ हात पुरतात. फटींमध्ये वार्निश साचू दिलं तर तिथे दुधाळ ठिपके राहतात, म्हणून लावून झाल्यावर कोरड्या ब्रशने फटी टिपून घ्याव्यात. कडक उन्हात हे काम करू नये आणि फार गारठ्यातही नाही. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली अॅक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळून सलग थर धरत नाहीत. तासाभरात हाताला कोरडं लागलं तरी ते पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळू नये, अक्षरं उमटतात.

चुन्याच्या कुंडीत झाड लावलं, पाणी सुरू झालं की काही महिन्यांनी बुडाच्या वर एक बारीक पांढरी रेघ दिसू लागते. अॅक्रिलिकच्या कुंडीवर आपण पट्टी रंगवली त्या उंचीच्या जरा वर किंवा जरा खाली, क्वचितच बरोबर तेवढ्याच उंचीवर. ती पुसायला जाऊ नये. पुढच्या कुंडीची पट्टी किती उंचीवर काढायची, हे तिच्यावरून मोजून घ्यावं.